पहिलं घर बांधताय? जे झाकलं जाणार आहे ते आधी बघा

घर बांधून झालं की बघायला येणारा प्रत्येक माणूस टाईल कुठली घेतली, कलर कुणी दिला, पीओपी काय रेटनं केलं हेच विचारतो, पाया किती फूट खाली नेला असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. मी पण आधी तसलाच, बांधायच्या आधी वर्षभर मोबाईलमध्ये एलिव्हेशनचे (घराच्या दर्शनी बाजूचे) फोटो सेव्ह करत बसलेलो. मी शाळेत मास्तर आहे, इंजिनियर नाही. लातूरला ३० बाय ४० चा प्लॉट होता आणि त्यावर आयुष्यात पहिल्यांदा (बहुतेक शेवटचंच) घर बांधलं. त्यात जे कळलं ते एवढंच की जे मातीत, काँक्रीटमध्ये आणि भिंतीत झाकलं जाणार आहे त्यावर आधी पैसा घाला, आणि ते झाकायच्या दिवशी रजा टाकून साईटवर उभं राहा. बाकीचं पुढं दिवाळीच्या दिवाळीला बदलता येतंय.

प्लॉट एनए (बिगरशेती) आहे, ले-आऊट मंजूर आहे, फेरफार होऊन कागद तुमच्या नावावर चढलाय, हे झालेलं असेल असं धरतो. नसेल तर खड्डा मारायच्या आधी ते करा. त्यानंतर पहिलं काम म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाकडं अर्ज करून हद्द कायम मोजणी. लोक म्हणतात दगड आहेत की चार कोपऱ्याला, मोजणीला कशाला पैसे घालायचे. आमच्या चार दगडातला एक दीड फूट आत निघाला, शेजाऱ्यांनी मुद्दाम केलेलं नव्हतं, कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं कधीतरी उपटलेला आणि अंदाजानं परत रोवलेला. एका टोकाला दीड फूट म्हणजे ३० फूट लांबीला साडेबावीस स्क्वेअर फुटाची पाचर, एक छोटं बाथरूम आहे ते. शेजाऱ्यांसमोर मोजणी झाली की नंतर भांडण होत नाही, चहा होतो. परवानगीचा नकाशा त्यानंतर टाका, आणि त्यात सोडायला सांगितलेली मोकळी जागा खरंच सोडा, ड्रेनेजचा पाईप तुंबला की तिथूनच जावं लागतं.

आता इंजिनियर. नकाशे दोन असतात हे मला माहीतच नव्हतं. एक खोल्यांचा प्लॅन, जो आपण सगळ्यांना दाखवत फिरतो, आणि दुसरा आरसीसी ड्रॉईंग, ज्यात कुठल्या कॉलममध्ये किती गज, किती जाडीचे, गजांभोवतीची रिंग किती अंतरावर, फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) केवढं हे असतं. आमच्याकडं बरेच जण पहिला काढतात आणि दुसरा मिस्त्रीच्या डोक्यावर सोडतात, "मालक, तीस वर्षं झाली बांधतोय, काय टेन्शन घेऊ नका". मिस्त्री चांगला असतो हो, पण त्याचा सगळा अनुभव भूकंप न झालेल्या वर्षांचा असतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूरच्या माणसाला सांगावी लागत नाही, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले आणि चारच्या सुमाराला किल्लारी आणि आसपासची गावं गेली, जवळपास दहा हजार माणसं. औसा तालुक्यातल्या आमच्या गावचं घर मातीत रचलेल्या दगडी भिंतींचं, दीड-दोन फूट जाड, वर माळवद, म्हणजे मातीचं छत. आमच्या घरातले वडीलधारे अण्णा सांगतात, तेव्हा लोकांना वाटायचं भिंत जेवढी जाड तेवढं घर पक्कं, आणि त्या रात्री तोच दगड आणि तीच वरची माती अंगावर आली. त्याच्या आधी भूकंपाच्या सरकारी नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, नंतर बदलला. तेव्हा आरसीसी डिझाईन करून घ्या, त्याची फी अख्ख्या घराच्या खर्चात गेटपेक्षा कमी पडते. आणि त्याच इंजिनियरशी साईटवर किती वेळा येणार ते ठरवा. कमीत कमी खड्डे झाल्यावर, फुटिंगची जाळी बांधल्यावर, प्लिंथ (जोत्याच्या) बीमला आणि स्लॅबचं लोखंड बांधून झाल्यावर.

गुत्तेदाराबरोबर (ठेकेदाराबरोबर) स्क्वेअर फुटाचा रेट ठरवताना सगळे रेटवर भांडतात आणि कशाचा रेट हे कुणीच विचारत नाही. जिना धरून का सोडून? छज्जे, पॅरापेट, वरची टाकी, सेप्टिक टँक, कंपाऊंड? सेंट्रींगचं सामान (काँक्रीट ओतताना लावायच्या फळ्या-टेकू) कुणाचं, काँक्रीट दाबून बसवायचा व्हायब्रेटर कुणाचा, पाणी कोण मारणार? हे स्टॅम्प पेपरवर मराठीत साध्या भाषेत लिहून घ्या. पैसे टप्प्यानं द्या, काम पुढं आणि पैसे मागं असंच ठेवायचं, आणि शेवटचे दहा टक्के गळती बघून झाल्यावर. आमच्या गुत्तेदारानं प्लिंथ झाल्या झाल्या पोरीच्या लग्नाचं सांगून पुढच्या टप्प्याची रक्कम उचलली आणि मग तीन आठवडे दुसऱ्याच साईटवर, फोन केला की "उद्या सकाळी माणसं पाठवतो". मी पण भोळा, लग्नाला आहेर घेऊन गेलो, लग्न खरं होतं एवढंच समाधान.

मटेरियल स्वतः घेणार असाल तर ढोबळ हिशोब असा धरा, साध्या घराला स्क्वेअर फुटाला सिमेंट ०.४ पोती आणि लोखंड साडेतीन ते चार किलो, म्हणजे १००० फुटाला ४०० पोती आणि साडेतीन-चार टन. हे नुसतं अंदाजाला, खरा आकडा ड्रॉईंगवरूनच काढून घ्यायचा. सिमेंट एकदम भरून ठेवू नका, लागेल तसं आणा, फळ्यांवर रचा, भिंतीला चिकटवून नको. (सिमेंटचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ चा १८ टक्के झाला, माझं शेवटचं पोतं त्याच्या आधीच संपलेलं, आपलं नशीबच तसलं.) गज, आमच्याकडं गजाळी म्हणतात, दुकानदाराच्या काट्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. गजाच्या मिलिमीटरचा वर्ग करा, १६२ नं भागा, एका मीटरचं वजन किलोत येतं. १२ एमएम म्हणजे १४४ भागिले १६२, ०.८९ किलो, आणि १२ मीटरचा अख्खा गज साधारण १०.७ किलो. गज मोजा, गुणा, बिलाशी लावून बघा. दोन-चार टक्के इकडं तिकडं चालतं, त्याहून जास्त फरक आला तर बोला.

वाळू आणि खडी ब्रासवर, ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आली की खाली करायच्या आधी टेप लावायचा, १० बाय ५ बाय २ भरली तर एक ब्रास. मध्ये शीग आणि कोपरे रिकामे अशी भरलेली असते, तर आधी फावड्यानं सपाट करायला लावा. वाळू ओली असेल तर ती फुगलेली असते, पाव हिश्श्यापर्यंत सुद्धा, तेवढी हवा आपण विकत घेतो. माती किती आहे ते बघायला काचेच्या बाटलीत अर्धी वाळू आणि वर पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या, वर मातीचा थर जाड बसला तर ती ट्रॉली परत. नदीची वाळू आता मिळते त्या भावात आणि त्या भानगडीत पडण्यापेक्षा धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) बरी, माझं सगळं काँक्रीट तिच्यातच आहे. वीट एकमेकीवर आपटली की टणटण वाजली पाहिजे, चार फुटावरून सोडली तर तुकडे व्हायला नकोत, आणि लावायच्या आधी भिजवलेली पाहिजे, कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते.

कधी सुरू करायचं? काळ्या रानात पावसाळ्यात खड्डा मारायचा नाही, कडा ढासळतात, जेसीबी रुततो. दसरा-दिवाळीला सुरुवात बरी वाटते पण तेव्हाच कारखाने सुरू होतात, निम्मे ट्रॅक्टर उसाला आणि मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला, मग लग्नसराई. तरी मी म्हणीन दिवाळीनंतरच, फक्त मजूर आधी बांधून ठेवा आणि मे महिन्यात स्लॅब येणार नाही असं गणित मांडा. आणि पाण्याचं आधी बघा. लातूरकरांना हे सांगायचं म्हणजे, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे आमचं. बोअर आधी घ्या, पाणी लागलं तर टेस्ट करून घ्या, खारट असेल तर काँक्रीटला वापरू नका, आतला गज गंजतो. काँक्रीटला टँकरचं गोडं पाणी घ्या, पिण्यासारखं ते काँक्रीटला चालतं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पायाकडं येऊ, इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते आपण लहानपणापासून बघतोय, तीच माती घराखाली असली की ती घर उचलते आणि सोडते, दरवर्षी. मग भिंतीला तिरके तडे जातात आणि लोक प्लास्टरवाल्याला शिव्या देतात. तेव्हा खड्डा फुटावर ठरवायचा नाही, मुरूम लागेपर्यंत जायचं. आमच्याकडं पाच फुटांवर कडक मुरूम लागला, तीन कोपऱ्यात. चौथ्या कोपऱ्यात पाच फुटावर कुदळ मारली तर पिशव्या आणि राख निघाली, कधीकाळी तिथं कचऱ्याचा खड्डा होता आणि ले-आऊट पाडताना वरून भर टाकलेली. मिस्त्री म्हणाला एक कॉलम आहे, थोडं मोठं फुटिंग टाकू. इंजिनियरला फोन लावला, तो म्हणाला हात लावू नका, मी येतो. आणखी दोन फूट खाली गेलो, जेसीबीचे परत पैसे, एक दिवस गेला. तो दिवस मी शाळेत असतो तर आज तो कोपरा खाली बसला असता. काळी माती दहा-बारा फुटापर्यंत असेल तर साधं फुटिंग चालत नाही, तिथं पाईल (खोलवर नेलेले काँक्रीटचे खांब) वगैरे लागतं, ते इंजिनियरचं काम.

लाईन आऊटच्या दिवशी, म्हणजे खड्डे मारायच्या आधी प्लॅन जमिनीवर आखतात तेव्हा, फक्की (चुन्याची पूड) मारली की स्वतः टेपनं कोपरे तपासा. एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट, खुणा करा, तिरकं अंतर बरोबर ५ आलं तर काटकोन. मोठं माप घ्यायचं असेल तर ६, ८, १०. सातवीच्या पोरांना हे मी दरवर्षी शिकवतो आणि स्वतःच्या प्लॉटवर मिस्त्रीच्या गुण्यावर विसंबून बसलेलो, अण्णांनी आठवण केली. कोपरा चुकला की पुढं टाईल लावताना भिंतीलगत पाचरीसारखे तुकडे लागतात.

खड्ड्यात सैल माती राहू द्यायची नाही, तळ साफ करून लगेच पीसीसी (बिनगजाचं साधं काँक्रीट). प्लिंथ भरताना खड्ड्यातून निघालेली काळी माती परत आत ढकलायची नाही, ती फुकट असते म्हणून सगळे तेच करतात. मुरूम आणा, सहा-नऊ इंचाचा थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. एकदम तीन फूट भरून वर पाणी सोडलं की वरून बसल्यासारखं दिसतं आणि दोन वर्षांनी टाईल खाली जाते. वाळवीचं औषध पण याच वेळी, वर फरशी बसली की मग ड्रिल मारून भोकं पाडत बसावं लागतं.

लोखंडात तीन गोष्टी बघा. रिंगचं तोंड, दोन्ही टोकं १३५ अंशात वळून कॉलमच्या आत गेली पाहिजेत, ९० अंशात वळवून सोडलेली रिंग भूकंपात उघडते. वळवायला जड जातं म्हणून पोरं टाळतात, म्हणून पहिल्याच दिवशी एक नमुना करून घ्या आणि तो साईटवर टांगून ठेवा. दुसरं, कॉलमच्या खालच्या आणि वरच्या टोकाला रिंगा जवळ जवळ लागतात, ड्रॉईंगमध्ये ४ इंच असेल तर ४ च, मधे मोकळ्या असतात त्या अंतरानं सगळीकडं नाही. तिसरं कव्हर, गजाच्या बाहेर किती काँक्रीट पाहिजे ते. फुटिंगला ५० एमएम, कॉलमला ४०, बीमला २५, स्लॅबला २०. त्याचे सिमेंटचे ठोकळे मिळतात किंवा आधीच बनवून भिजत ठेवायचे. आमच्या पोरांनी स्लॅबखाली खडीचे खडे सरकवले होते, सगळे काढायला लावले, दोन तास तोंडं वाकडी होती.

काँक्रीटमध्ये सगळ्यात मोठा शत्रू पाण्याची बादली. पातळ माल पसरायला सोपा, म्हणून मिक्सरवाला गुपचूप ओततो. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरच्या आसपास पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मी मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसलो आणि १५ लिटरच्या बादलीवर खडूनं रेघ मारली, हसले सगळे, पण रेघेच्या वर गेले नाहीत. ९०० फुटाच्या ५ इंची स्लॅबला बीम सोडून ८५ च्या आसपास पोती लागतात, आणि प्रत्येक पोत्याला ती बादली दोनदा भरली जाते, आता करा हिशोब.

आणि मग पाणी मारणे, जे गुत्तेदार मालकावर ढकलतो आणि मालक वॉचमनवर. स्लॅबवर सिमेंटच्या मसाल्याचे आळे करून पाणी साठवून ठेवा, दोन आठवडे. स्लॅबचं सगळेच करतात, कॉलमचं कुणी करत नाही, कारण उभ्या कॉलमवर पाणी मारलं की पळून जातं. कॉलमला बारदान गुंडाळा, सुतळीनं बांधा आणि ते ओलं ठेवा. आमच्या हिनं सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी असं दोन वेळा जाऊन पाईप धरला, टँकरचं पाणी म्हणून गळणाऱ्या पाण्याखाली घमेलं लावून तेच परत वापरलं. सेंट्रींग काढायची घाई करू नका, सेंट्रींगवाल्याला फळ्या दुसरीकडं न्यायच्या असतात, तो दहाव्या दिवशी येतो, त्याला इंजिनियरशी बोलायला सांगा.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी एकटे वर जा, मिस्त्री नको, बायकोला घेऊन जा. फॅनचे बॉक्स, लाईटचे पाईप, पाण्याच्या पाईपची भोकं, सगळं प्लॅन हातात धरून बघा. मी फॅन बॉक्स खोलीच्या बरोबर मध्ये आहेत बघून खूश झालो. बेडरूममध्ये एका भिंतीला दोन फुटाचं कपाट येणार आहे हे डोक्यातच नाही आलं, आता पलंग एकीकडं आणि फॅन एकीकडं, पायाला गार लागतं आणि डोकं घामात. ओतताना माणसं बीमजवळच्या वरच्या गजावरून चालतात आणि तो दाबून खाली जातो, चालायला फळ्या टाकायला लावा, ताडपत्री तयार ठेवा. आणि स्लॅब पडला की मटण, हे काय कुठल्या ड्रॉईंगमध्ये नसतं पण चुकवू नका, मिस्त्रीला टॉवेल-टोपी पण.

लाईट आणि प्लंबिंगला माझं एकच सांगणं, भिंत बंद व्हायच्या आधी फोटो. टेप उघडून भिंतीला लावायचा आणि मग फोटो काढायचा, म्हणजे कोपऱ्यापासून किती इंचावर पाईप आहे ते दिसतं. गीझर आणि एसीला ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, अर्थिंगचा खड्डा खराखुरा. पाईप टाकून झाले की टाईल लावायच्या आधी पंपानं प्रेशर देऊन रात्रभर ठेवायचं, काटा उतरला तर कुठंतरी गळतंय. एका बाथरूमला हे केलं, दुसऱ्याच्या वेळी शाळेत परीक्षा चालू होत्या आणि प्लंबर म्हणाला "सर, तेच काम आहे, तीच माणसं". त्याच बाथरूमच्या मागच्या भिंतीला पहिल्या पावसाळ्याच्या आधीच ओल आली, चार टाईल फोडल्या, पाईपचा एक एल्बो (वळणाचा तुकडा) गळत होता. वॉटरप्रूफिंग केल्यावर बाथरूममध्ये दोन दिवस पाणी तुंबवून खालून बघा, गच्चीला पण तसंच.

गच्चीचं पाणी बोअरकडं न्यायचा पाईप आत्ताच टाका, १०० मिलिमीटर पाऊस पडला की ९०० फुटाच्या गच्चीवरून ८ हजार लिटरच्या वर पाणी येतं, फिल्टरचा खड्डा आणि दोन-चार पाईप एवढाच खर्च.

प्लास्टर, टाईल, रंग याबद्दल मी काही लिहीत नाही, त्यावर सल्ला द्यायला पाहुणे भरपूर असतात. फक्त प्रत्येक टाईलचा एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर ठेवा, माझ्या चार फुटलेल्या टाईल त्यातूनच निघाल्या. भोगवटा प्रमाणपत्र आणि घरपट्टीची नोंद वास्तुशांतीच्या आधी लावा, नंतर जाणं होत नाही. आणि ते फोटो मोबाईल बदलला की जातात, म्हणून मी सगळे छापून, मागं खोलीचं नाव लिहून, खरेदीखताच्या फाईलमध्ये ठेवलेत. परवा पडद्याचे रॉड लावायला पोरगा आला, ड्रिल लावणार तेवढ्यात म्हणलं थांब, फाईल काढली, कोपऱ्यापासून १४ इंचावर वायर, त्यानं १८ वर भोक पाडलं.